चाकाजवळच्या चपला

२ मार्च
आजपासून गाडीचं काम हातात घेतलं. बाबा जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून गाडी गॅरेजात उभी आहे. बॅटरी मेली आहे, खालून तेल ठिबकतं आहे. मेकॅनिकला द्यायची नाही. बाबांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही, मीही देणार नाही.

बायको म्हणाली, अहो, तुम्हाला सायकलचं पंक्चर तरी काढता येतं का? दुर्लक्ष केलं. माझी अख्खी नोकरी अपघात-विम्याच्या फायलींत गेली. माणूस गाडीखाली कसा चेंगरतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सगळ्या फायलींचं सार एकच, अपघात निष्काळजी माणसांना होतात. आपला प्रश्नच येत नाही.

संकल्प: महिनाअखेर गाडी रस्त्यावर. पहिली फेरी आईला घेऊन.

४ मार्च, दुपारी
बाबांची पद्धत एकदा नीट लिहून ठेवतो, कारण ती आता फक्त मलाच माहीत आहे. गाडीखाली जाण्याआधी चपला मागच्या चाकाजवळ काढायच्या. मग मोठ्याने म्हणायचं, खाली जातो. आतून आई म्हणायची, बरं. मग खाली जायचं. चाकाजवळ चपला दिसल्या की घरातल्या कुणीही गाडीला हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही, टेकायचंसुद्धा नाही. लहानपणी एकदा टेकलो होतो, तर बाबांनी बाहेर येऊन कानाखाली वाजवली होती. पण सांगायचा मुद्दा हा की एवढ्या वर्षांत त्यांना साधं खरचटलंही नाही. सेफ्टी शिकावी तर त्यांच्याकडून.

त्या चपला अजून तिथेच आहेत, मागच्या उजव्या चाकाजवळ. आईसाठी ठेवल्या आहेत. हलवल्या तर तिला सोसणार नाही.

५ मार्च, दुपारी
बाबांचा जुना स्क्रू-जॅक लावून पुढचं चाक उचललं. सहज जमलं. कंबरेपर्यंत खाली शिरलो, टॉर्च तोंडात.

टक.

थांबलो. लाकडावर काहीतरी आपटावं तसा आवाज. टक. टक. पुन्हा टक. चार झाले आणि मग एकदम शांत.

बाहेर आलो. आई खुर्चीत, काठी मांडीवर आडवी, डोळे मिटलेले. हल्ली दुपारी ती गॅरेजातच येऊन बसते. गार वाटतं म्हणते. (तिथे भट्टी असते.) बाबांचे चार लाकडी ठोकळे कोपऱ्यात रचलेले असतात. ते कोपऱ्यात नव्हते. एक उचललेल्या चाकाखाली, बाकीचे तीन बाकीच्या चाकांना टेकून. बाबा लावायचे तसेच.

मी ते हलवलेले नाहीत. आईला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. बायको दुपारी शाळेच्या लायब्ररीत असते. ठोकळे उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवले.

घाबरलो वगैरे नाही. फक्त चहा जरा लवकर घेतला.

६ मार्च
पुन्हा तेच. खाली शिरलो, चार टकटक, बाहेर येतो तर ठोकळे चाकांना. आई गाढ झोपेत. इतकी गाढ की मी दोनदा हाक मारली तरी पापणी हलली नाही.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, प्रेशरची गोळी घेतलीत का? या घरात कुठलीही गंभीर गोष्ट गोळीपाशी येऊन संपते.

८ मार्च, दुपारी
आज सवयीने, म्हणजे बाबांच्या सवयीने, खाली शिरताना तोंडातून निघून गेलं, खाली जातो.

कुणीतरी म्हणालं, बरं.

हळू. अगदी जवळून. उठायला गेलो आणि सायलेन्सरवर डोकं आपटलं. बाहेर आलो तर आई झोपलेली. हलवून उठवलं, विचारलं, तू काही बोललीस? म्हणाली, मी कशाला बोलू? डोळा लागला होता जरासा. आणि मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, हळद लाव तिथे.

नंतर शांत बसून विचार केला. तेव्हा सगळा उलगडा झाला. आई झोपेत बाबांना उत्तर देते. तिच्या लेखी बाबा अजून गाडीखाली आहेत. म्हणूनच ती रोज दुपारी तिथे येऊन बसते. बिचारी. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं आणि मला दिसलं नाही. ठोकळ्यांचं काय ते मात्र कळत नाही. ते असो.

९ मार्च
ताईला फोन केला. आईच्या भासाचं सगळं सांगितलं. चूक केली. ताई म्हणाली, अरे, मग ही गंभीर बाब आहे, तू इतके दिवस गप्प कसा बसलास? रविवारी तेवीस तारखेला ती येणार आणि आईला घेऊन जाणार. डॉक्टरला दाखवून कायमची तिच्याचकडे ठेवणार. मी म्हणालो, एवढं काही नाही गं. ती म्हणाली, तूच तर आत्ता म्हणालास.

आईशिवाय हे घर मला जमणार नाही. हे इथेच लिहितो, बोलणार कुणाला नाही. बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, किती खंबीर आहे हा, एक टिपूस नाही डोळ्यांत. आता आईही गेली तर खंबीर राहण्याचा मला कंटाळा येईल.

उपाय रात्रीच सुचला. गाडी उंच उचलायची. आईला स्वतःच्या डोळ्यांनी खाली बघू द्यायचं. कुणी नाही हे दिसलं की भास संपला आणि ताई हात हलवत परत. त्या जॅकने हे होणार नाही, त्यासाठी लिफ्टच पाहिजे. घरच्या घरी वापरायची पोर्टेबल मिळते.

११ मार्च
अभ्यास. दिवसभर व्हिडिओ. कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट असते, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लावायच्या पट्ट्या असतात, आणि एक गाडीला चक्क आडवी करणारी असते, तिचा व्हिडिओ अर्ध्यावरच बंद केला. हा विषय आता मला पूर्ण समजला आहे.

१२ मार्च
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, गाडीचं वजन किती? खालची पट्टी जमिनीपासून किती उंच? छत किती उंच? फरशी आहे की काँक्रीट? उतार आहे का? मी म्हणालो, माहीत आहे सगळं. तो म्हणाला, मग सांगा. मी म्हणालो, घरी लिहून ठेवलंय.

अशा लोकांना आपण कच्चे आहोत असं दाखवायचं नसतं. सर्वांत उंच जाणारी पसंत केली आणि ऑर्डर देऊन बाहेर पडलो.

आजपासून गॅरेजात बाबांच्याच चपला घालतो. माझ्या खराब होत होत्या. शिवाय काढून पुन्हा तिथेच, चाकाजवळ ठेवतो, म्हणजे आईला कळणारही नाही. एक नंबर लहान होतात. चालतं.

१४ मार्च
लिफ्ट आली. गाडीखाली जात नाही. पूर्ण मिटवली तरी गाडीच्या पोटाखालच्या जागेपेक्षा जाड. बायकोने हसू दाबलं, ते मला दिसलं.

छतही आज मोजलं. माळ्यावर गाद्या आहेत. ही लिफ्ट पूर्ण उघडली असती तर गाडी गाद्यांत घुसली असती. म्हणजे खाली गेली नाही तेच बरं झालं. एका अर्थी माझी निवड बरोबरच ठरली.

१५ मार्च
बदलून आणली. या वेळी कागदावर मापं होती (बायकोच्या अक्षरात). कात्रीची, बुटकी, विजेवर चालणारी, गाडीच्या वजनाच्या दुप्पट पेलणारी. दुकानदार म्हणाला, सपाट काँक्रीटवरच ठेवा. मोरीकडच्या उतारावर नको, फरशीवर तर नकोच. मी म्हणालो, अहो, अपघातांच्या फायली मी पाहिल्यात. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

१६ मार्च
बायकोने माहितीपुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं. पेन्सिलीने खुणा केल्या. लिफ्टवरचे रबराचे ठोकळे गाडीच्या ठरलेल्या खाचांखालीच आले पाहिजेत. थोडी उचलून गाडी ढकलून बघायची, डगमगली तर खाली. हवी तितकी वर गेली की किंचित खाली सोडून लॉकच्या दातावर टेकवायची, त्याशिवाय खाली शिरायचं नाही. गाडी वर सोडून निघून जायचं नाही. हे शेवटचं तिने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघत.

लॉकचं मला पटलं नाही. टेकवली की उंची कमी होते. उंचीच तर विकत घेतली आहे!

१७ मार्च
पहिलं उड्डाण. खाचा कुठे आहेत ते अंदाजाने ठरवलं. कर्र असा आवाज आला आणि दाराखालचा पत्रा आत गेला. गाडीचं वय झालं आहे.

खाचा सापडल्या. वीतभर पुढे होत्या. मग गाडी गुडघ्याइतकी वर गेली. बटण दाबलं की नुसती गुरगुरत वर. बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं. हे मनात आलं आणि एकदम बसावंसं वाटलं, म्हणून आत जाऊन बसलो. तेवढ्यात बायको लायब्ररीतून आली, गाडी वर, जवळ कोणी नाही. तिने बटण दाबून खाली घेतली आणि माझी हजेरी घेतली.

१८ मार्च
आज खाली शिरलो. खाली जातो म्हणालो, मुद्दाम. प्रयोग म्हणून.

बरं.

मग टक. टक. टक. टक.

आजचे आवाज जास्त जवळ होते. चार बाजूंनी. बाहेर बघायची हिंमत झाली असती, पण त्या वेळी मी एका नटाचं निरीक्षण करत होतो. दोन्ही डोळे मिटून. गंमत म्हणजे भीती वाटली नाही. म्हणजे सुरुवातीला वाटली. नंतर तिथेच पडून राहिलो. बरं म्हणणारं कुणी आहे म्हटल्यावर बरंच वाटलं. बाबांना दोन-चार गोष्टी सांगितल्या. ऑफिसातला निरोप समारंभ, ताईचं रागावणं, पत्र्याला पडलेला पोचा. पोच्याबद्दल काहीच आलं नाही. म्हणजे राग नसावा.

हे शास्त्रात बसत नाही याची मला कल्पना आहे.

नंतर ठोकळे कोपऱ्यात ठेवले आणि गाडी वरच सोडून फोन घ्यायला गेलो, तर बायकोने पुन्हा खाली घेतली. म्हणाली, तिसऱ्यांदा असं दिसलं तर लिफ्ट भंगारात. पुस्तकात लिहिलंय ना!

१९ मार्च
आईला दाखवायचा दिवस. गाडी वर घेतली, आईला पुढे आणलं, टॉर्च दिला. म्हणालो, बघ. नीट बघ. घाई नाही.

आईने काठी टेकून, मान तिरपी करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, तेल गळतंय रे.

मी म्हणालो, ते सोड. खाली कोणी आहे का? ती म्हणाली, कोण असणार? मी म्हणालो, तेच! कोणीसुद्धा नाही! पटलं ना? तिने टॉर्च विझवला. माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आणि आत जाऊन बायकोशी काहीतरी हळू आवाजात बोलली.

धक्का बसला असणार. सावकाश सावरेल.

२१ मार्च, संध्याकाळी
नीट लिहितो. क्रमाने लिहितो.

ताई परवा येणार, त्याआधी तेल थांबवायचं ठरवलं. एक बोल्ट आवळायचा, बस्स. गाडी गुडघाभर वर घेतली. लॉकवर टेकवली नाही. चपला चाकाजवळ काढल्या. खाली जातो म्हणालो. बरं आलं. चार टकटक आले. इंजिनाखाली उताणा पडलो. घरात फोन वाजला, तो वाजायचा थांबला. मग फाटकाचा आवाज. बायकोची पावलं. शाळा आज लवकर सुटली होती.

ती चाकापाशी थांबली. मला तिचे पाय दिसत होते. चपलांच्या अगदी शेजारी. पुटपुटली, आज तिसरी वेळ. आणि बटण दाबलं.

मी ओरडलो का? बायको म्हणते, नाही. माझ्या मते ओरडलो. आवाज बाहेर आला नसेल. गाडी खाली येत होती. सगळा काळा लोखंडी पसारा सावकाश, गुरगुरत माझ्या तोंडावर. फायलींमधले सगळे मथळे आठवले. मग चारही बाजूंनी एकदम धप्प. आणि गाडी थांबली. लिफ्ट खाली जात राहिली, गाडी नाही. नाकावर तेलाचा थेंब पडला. मग दुसरा.

तेव्हा मात्र ओरडलो.

बायको खाली बसून माझा पाय धरून ओढत होती. म्हणत होती, अहो, चपला तर रोजच असतात तिथे. वर्षभर आहेत. मला कसं कळणार? चपला तर रोजच असतात.

ठोकळे चारही चाकांखाली होते. गाडी त्यांच्यावर बसली होती.

बाबांनी वाचवलं. दुसरा अर्थ लावताच येत नाही.

२२ मार्च
दुसरा अर्थ आहे.

सकाळी बाबांच्या फोटोसमोर उभा राहून मोठ्याने आभार मानत होतो. आई मागे येऊन उभी राहिली. ऐकलं तिने सगळं. मग म्हणाली, त्यांचे कसले आभार मानतोस? ठोकळे मी लावले.

मी म्हणालो, तुला वाकता येत नाही. तिने काठी दाखवली. काठीने ढकलत नेते. एकेक. जागेवर बसला की टक वाजतो. काल लावून झाले आणि ताईचा फोन आला, म्हणून ती आत गेली होती.

मी विचारलं, आणि बरं? ती म्हणाली, तू खाली जातो म्हणालास, मग काय गप्प बसू? मी विचारलं, मग झोपेचं सोंग कशाला? तर म्हणाली, सांगितलं की तुम्ही लोक चिडता. तुझे बाबा तर पाना फेकायचे. त्यांनी जन्मात कधी ठोकळा लावला नाही. नुसत्या जॅकवर खाली शिरायचे आणि तिथून मला हाक द्यायचे. मी बरं म्हणायची, बाहेर यायची, गुपचूप चार ठोकळे लावायची, आणि ते बाहेर यायच्या आत काढून ठेवायची. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की आपला हात पक्का आहे. आता माझ्याच्याने पळत जाऊन काढून ठेवणं होत नाही, एवढाच फरक. तू एक नंबरचा त्यांच्यावर गेलायस.

रोज दुपारी ती गॅरेजात बसते ती माझ्यासाठी. बाबांचा कसलाही भास तिला कधी झालेला नाही. मी गाडीखाली बाबांशी गप्पा मारायला लागल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला आहे.

चपलांचंही निघालं. बायकोला वाटायचं, त्या आईसाठी ठेवल्यात. आई म्हणाली, मी तर पहिल्या आठवड्यातच काढणार होते, पण याला सोसणार नाही म्हणून ठेवल्या. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

म्हणजे बाबा नव्हते. एकदाही नव्हते. पोच्याबद्दल त्यांना कळलेलंच नाही. निरोप समारंभाचंही नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून खूप वेळ उभा होतो. वर्षभराचं आजच आलं सगळं. नळ बंद केल्यावरही थांबेना, तेव्हा बायकोने बाहेरून विचारलं, गोळी देऊ का? पहिल्यांदाच हो म्हणालो.

२३ मार्च, रविवार
ताई आली. आईचे कपडे भरायला दोन रिकाम्या पिशव्याही घेऊन आली. आईने तिला बसवून सगळं सांगितलं, पहिल्या टकटकीपासून. ताई ऐकता ऐकता माझ्याकडे बघत गेली. मी सेफ्टीच्या दृष्टीने काही खुलासे करू पाहिले. कोणी ऐकलं नाही.

निर्णय झाला. आई कुठेही जाणार नाही. ताई मला घेऊन जाणार आहे. दोन-तीन आठवडे, विश्रांतीसाठी. डॉक्टरची वेळ तिने आईसाठी घेतलेली आहेच, ती वाया जाऊ नये. आई म्हणाली, ने बाई. मलाही दुपारची नीट झोप मिळेल. पिशव्यांत माझे कपडे भरले.

बायकोने मेकॅनिकला फोन केला. त्याने एक वॉशर बदलून तेल थांबवलं, नवी बॅटरी बसवली. मी पिशवी घेऊन फाटकात उभा असताना गाडी सुरू झाली. आई मागे बसली, बायको चालवत होती. पहिली फेरी ठरल्याप्रमाणे झाली, म्हणजे संकल्प पुरा झाला असंच म्हणायचं. मी तेवढा गाडीत नव्हतो.

चपला आईने धुऊन माळ्यावर ठेवल्या.

२८ मार्च, ताईकडे
डॉक्टर बरे आहेत. फार विचारत नाहीत. झोप येते.

ताईच्या गाडीखाली काहीतरी खडखडतं. तिला म्हणालो, जरा बघून देतो. तिने गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. आईचा फोन आधीच येऊन गेला असणार.

दुपारी ती झोपल्यावर खाली पार्किंगमध्ये गेलो. तिच्या गाडीजवळ उभा राहिलो. वाकलो नाही, शिरायचा तर विचारही नव्हता. आजूबाजूला कोणी नव्हतं. मागच्या चाकाजवळ चपला काढल्या. लादी तापलेली होती. नुसतं म्हणून बघितलं, खाली जातो.

कोणी काही म्हणालं नाही.

थोडा वेळ थांबलो. मग चपला घालून वर आलो.